राखाडी झगा

क्रौंचांचा थवा पुन्हा पाणथळीवर घिरट्या घालून परत फिरला.

मचाणावर तिघे होते. पाणथळ राखणाऱ्या संस्थेचे नवे अध्यक्ष, पक्षीबाईंची परगावाहून आलेली धाकटी बहीण आणि पक्षीबाईंचा नवरा. नवरा मागच्या फळीला टेकून खाली बसला होता. थवा दिसला की तो नेहमीच मागे सरकायचा. दुःखात आहे, असं सगळे समजत.

"पाय सोडले होते हो खाली," अध्यक्ष दुर्बीण पुसत म्हणाले. "आता टेकतील असं वाटलं, आणि गेले!"

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. "ताईचा पुतळा बघून जीव तुटत असेल त्यांचा. मुकी असली म्हणून काय झालं?"

या पाणथळीवर एके काळी एकही क्रौंच उरला नव्हता. पक्षीबाईंनी लांबून अंडी आणली, घरामागच्या खोलीत उबवली, पिल्लं मोठी करून इथे सोडली. तेव्हा लोक हसले. पुढे तेच लोक पाहुण्यांना घेऊन मचाणावर येऊ लागले. दर वर्षी थवा परतायचा आणि इथेच घरटी करायचा. यंदा बाई नव्हत्या, आणि थवा उतरत नव्हता. त्याने एकदा दुसरी जागा धरली की इथलं सगळं संपलं.

अध्यक्षांनी दाणे टाकून पाहिले. कुत्री हाकलून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

पुतळा उथळ पाण्याच्या कडेला उभा होता, पक्षी उतरायचे बरोबर तिथेच. जागा अध्यक्षांनी हौसेने निवडली होती. मूर्तिकाराने भुवईवरचा वण सोडला नव्हता, की हसू दाबताना मुडपलेला ओठ सोडला नव्हता. घरातल्या एकाही फोटोत तो ओठ आला नव्हता. यंदा थवा यायच्या आधी नवरा रोज सकाळी मचाणावर येऊन त्या चेहऱ्याकडे बघत चहा प्यायचा. "आज साखर जास्त पडली," असं काहीबाही सांगायचा.

दुसऱ्या दिवशी तो गमबूट घालून आला. हातात पिशवी होती.

"हे काय, भाऊजी?" बहिणीने विचारलं.

त्याने पिशवीतून राखाडी झगा काढला. झग्यालाच टोपी होती, हनुवटीखाली येणारी. डोळ्यांपुढे जाळी.

"पिल्लांत जाताना ती हे घालायची. तोंडातून शब्द काढायची नाही. खोकला आला तरी बाहेर येऊन खोकायची."

"इतकं कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"माणसाचा लळा लागला, तर पहिल्या शिकाऱ्यापाशी आपणहून जातील म्हणायची. उघड्या चेहऱ्याला भ्यायलाच हवं. त्यासाठी एक जण अधूनमधून पत्र्याचा डबा बडवत त्यांच्या अंगावर धावून जायचा. ती म्हणायची, याला मुद्दाम तोंड वाईट करावं लागत नाही."

अध्यक्ष हसले. बहीण हसली नाही. ती पुतळ्याकडे बघत होती.

"म्हणजे ताईचा चेहरा..."

"त्यांनी कधी पाहिलाच नाही. त्यांना तो माणूस दिसतो. बस्स."

अध्यक्ष गडबडले. "पुतळा हलवायचा तर सगळी समिती बसवावी लागेल. आणि झाकायचा म्हणाल, तर लोकांनी बघायचं काय?"

"पक्षी," नवरा म्हणाला आणि शिडी उतरला.

गुडघाभर पाण्यातून तो पुतळ्यापर्यंत गेला. झगा खांद्यांवरून सोडला, नाड्या बांधल्या. टोपी ओढण्याआधी थोडा थांबला. ओठ मुडपलेलाच होता. मग त्याने टोपी हनुवटीपर्यंत ओढली, वाऱ्याने उडू नये म्हणून गाठ पक्की मारली आणि मागे न बघता परत आला.

थवा आला. एक घिरटी झाली, दुसरी झाली. मग एका क्रौंचाने पाय सोडले आणि पुतळ्यापासून हातभर अंतरावर पाणी उडालं. त्याच्यामागून दुसरा. बघता बघता पुतळ्याभोवती राखाडी गर्दी झाली. एक जण तर झग्याची कड चोचीत धरून ओढायला लागला.

"भाऊजी, उतरले! अहो, झगा ओढतायत! मागे काय बसलात, पुढे या ना, बघा!"

नवरा फळीला पाठ लावून तसाच बसून राहिला.

"तूच बघ आणि सांग मला," तो हळू आवाजात म्हणाला. "डबा बडवणारा मीच होतो. आजवर तीच बघून सांगायची."