घोट्यावरचा नादकाटा

"मोजा काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुद्रितशोधक गोंधळला. तक्रार कानाची, आणि या मागतात पाय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याने बायकोकडे पाहिलं. नजर वळल्याबरोबर कानात खर्र झालं. म्हणून त्याने घाईघाईने भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहिलं. पुन्हा खर्र.

हेच त्याचं दुखणं होतं. डोळे हलले की वाजायचे. छापखान्यात प्रुफं वाचताना ओळीमागे एक खर्र, आणि ओळ संपून नजर माघारी आली की आणखी एक. काकडी चावली तर डोक्यात कुणी भिंत पाडतंय असं वाटायचं. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. समोरचा माणूस मात्र चार घरं पलीकडून बोलत असायचा. त्याला काही म्हणजे काही कळेनासं झालं होतं.

कितीतरी दिवस त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? डोळे वाजतात म्हणणाऱ्या माणसाला कुठे बसवतात, ते त्याला ठाऊक होतं. त्याच्याच घरात, मागच्या खोलीत, आई बसलेली असायची. तो शाळेत होता तेव्हापासून ती अशीच. खुर्चीत ताठ, डोळे मिटून. चाललीच तर भिंतीला धरून, चवड्यांवर. जेवण मऊ कालवून दिल्याशिवाय घास घेत नसे. बोललीच तर कुजबुजायची. दार आपटलं की खुर्चीचे हात गच्च धरायची, जशी काही खुर्चीच कलंडतेय.

पूर्वी ती काहीबाही सांगायची म्हणे. वडिलांनी "सोंगं आहेत नुसती" असा निकाल दिला आणि तिने सांगणं सोडलं. वडील गेले, पण निकाल मागे राहिला. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच सगळे धरून चालले होते. तोही. आईवर त्याची माया होती, पण त्या खोलीची त्याला भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात जेवताना तोच डोळे मिटून बसला. तेवढंच जरा शांत वाटत होतं. धाकटी लेक म्हणाली, "बाबा, आजीच्या शेजारी तुमचीपण खुर्ची टाकू का?" सगळे हसले. तोही हसला, पण डोळे त्याने पटकन उघडले. नंतर बायकोने खोदून खोदून विचारलं, ऐकून घेतलं आणि त्याला इथे आणलं.

डॉक्टरबाईंनी नादकाटा घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच, लोखंडी, दोन पायांचा. तो त्यांनी स्वतःच्या तळहातावर आपटला आणि त्याची दांडी त्याच्या घोट्याच्या हाडावर टेकवली.

"कुठे वाजतंय?"

"कानात," तो म्हणाला आणि स्वतःच चपापला. काटा पायाला, आवाज उजव्या कानात. झालं, आता आपण पुरते कामातून गेलो, असं त्याला वाटलं. बायकोने कपाळाला हात लावला.

डॉक्टरबाई मात्र खूश दिसल्या. त्यांनी चित्रातल्या गोगलगाईसारख्या भागावर बोट ठेवलं. "हा आतला कान. याच्यात पाणी असतं, आणि याला दोन खिडक्या. पडद्यामागची छोटी हाडं पहिल्या खिडकीवर आवाज पोचवतात, दुसरी त्याचा दाब बाहेर सोडते. तुम्हाला तिसरी पडलीय. इथे वर, तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड झिजलंय. खसखशीएवढं भोक असेल. त्यातून बाहेरचा आवाज गळतो आणि अंगातले आवाज कानात घुसतात. डोळ्यांचे, जबड्याचे, टाचांचे. मोठा आवाज झाला तर तोलही जातो."

"मग डोकं?"

"डोकं शाबूत आहे. फोटो काढून खात्री करू. भोक बुजवता येतं."

बायकोच्या जिवात जीव आला. त्यालाही हायसं वाटायला हवं होतं. वाटेना. काहीतरी टोचत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

"घरात आणखी कुणाला आहे का? कधी कधी एकाच घरात दोघांना असतं."

"नाही, कुणालाच नाही," तो म्हणाला. "आई आहे, पण तिचं वेगळं. ती दिवसभर डोळे मिटून..."

पुढचं वाक्य त्याच्याच्याने होईना. बायको त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि नादकाटा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "उद्या परत आणून द्या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर तो तसाच मागच्या खोलीत गेला. दार त्याने हळूच लोटलं. आई नेहमीच्या जागी होती, ताठ, डोळे मिटून. तो तिच्या पायांशी खाली बसला. त्याने काटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि तिच्या घोट्यावर टेकवला.

आईचा हात उचलला गेला. पायाकडे नाही, कानाकडे.

मग तिने डोळे उघडले. नजर जराही न हलवता ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि कुजबुजली, "तुझेपण डोळे वाजतात का रे?"