बिशपच्या पायाशी कुत्रा

४ मार्च २०१४, सकाळी १०.१०, फ्लोरेन्सच्या चर्चमध्ये उपस्थित दोघे: मी आणि शेजारचा ओत्तोरिनो. बिशपच्या समाधीवर पायाशी कोरलेला संगमरवरी कुत्रा झोपलेला आहे, असे मी म्हणतो. जागा आहे, असे तो. पैज अशी: हरणाऱ्याने बारमध्ये सर्वांसमोर माफी मागायची. कोपऱ्यात अंधार होता. भिंतीवरच्या पेटीत युरो टाकला, की दिवा दोन मिनिटे लागतो. "टाक की, इंजिनियरसाहेब!" ओत्तोरिनो मला म्हणाला. "मी का? शंका तुला आहे." शहरातल्या माणसाने कधी नाणे टाकलेले नाही, ते काम पर्यटकांचे. चाळीस मिनिटांनी एक जर्मन बाई आल्या. नाणे पडले, दिवा लागला आणि बाई नेमक्या कुत्र्यासमोर उभ्या राहून फोटो काढू लागल्या. "बाई, जरा सरका!" त्यांनी हसून आमचाही फोटो काढला. अंधार झाला. दोघांनी एकदम खिशात हात घातले. दोन रुमाल निघाले. निकाल: शून्य-शून्य.