घारीची नजर

प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी लेकीनं खोक्यात रेग्युलेटर जोडलेला बल्ब लावला. एका भोकाला सेन्सर, दुसऱ्याला बाबांचा डोळा. उजेड कमी झाला की मीटरचा काटा खाली यायचा. “बघू, सेन्सर हुशार की तुम्ही.” “बापाची नजर घारीची आहे,” शाळेची बस चालवणारे बाबा म्हणाले. डावा डोळा लावून त्यांनी रेग्युलेटरच्या प्रत्येक खटक्याला अचूक सांगितलं, “कमी. जास्त.” “आता डावा मिटून उजवा लावा.” तिनं क्रम तोच ठेवला. “कमी. जास्त.” काटा मात्र शून्यावरून हलेना. तिनं तारा तपासल्या, मग खोक्याचं झाकण उचललं. बल्ब उडाला होता. खोक्यात ऊन शिरलं, तरी भोकाला डोळा लावलेल्या बाबांना कळलं नाही. तिनं रेग्युलेटर पुन्हा एक खटका फिरवला. “कमी.” तिनं खिळ्यावरची बसची किल्ली मुठीत घेतली. “चला, मुलं खोळंबली असतील,” म्हणत बाबा उठले आणि रिकाम्या खिळ्यापाशी थांबले.