दोन शब्दांचा खेळ

चौसाळा गावातलं आपलं दुकान दुपारपुरतं बंद करून संगमेश्वर घरी आला, तर मोबाइलवर त्याला कॉलेजातला काँप्युटरचा जुना खेळ सापडला. हरखून जाऊन तो बायकोला दाखवायला लागला.

“हे बघ, नुसत्या रेघोट्यांचं घर. खाली दोनच शब्द टाइप करायचे. दार उघड. कंदील आण. की काम झालंच.”

“अन् शब्द चुकला तर?”

“तर काँप्युटर म्हणतो, समजलं न्हाई. एका शब्दापायी आमी पोरं महिनाभर त्या घरातल्या एकाच खोलीत अडकलो व्हतो. लई मजा यायची!”

“असं व्हय,” म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

“चहा आण,” त्यानं नेहमीसारखं बाहेरून सांगितलं.

आतून उत्तर आलं, “समजलं न्हाई.”

तो हसला. “चहा दे.”

“समजलं न्हाई.”

आता मात्र त्यानं डोकं खाजवलं. मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, “वर्षाराणी, दोघांचा चहा टाकतीस का?”

गॅस पेटल्याचा आवाज आला.

“सापडला बाई एकदाचा शब्द,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून याच खोलीत अडकले व्हते मी.”