एकेचाळीस ठिपके

काचेच्या बशीत एकेचाळीस पेशी होत्या, अप्पांच्या नाकातून काढलेल्या. लेकीने त्या दोनदा मोजल्या.

तीस वर्षं अप्पा उदबत्तीच्या कारखान्यात सुगंध जुळवत होते. "तुमचं नाक गेलं," म्हणत शेठने गेल्या महिन्यात त्यांना घरी बसवलं. अप्पांना ते पटत नव्हतं. म्हणून ते लेकीच्या प्रयोगशाळेत आले होते.

वास आला की पेशीत कॅल्शियम शिरतं, आत भरलेला रंग चमकतो आणि ती पडद्यावर उजळते. आधी तिने पोटॅशियमचा थेंब सोडला. एकेचाळीसही ठिपके पेटले.

"लागले बघ दिवे," अप्पा उठलेच. "आता शेठ येईल माझे पाय धरायला."

"अप्पा, पोटॅशियमने जिवंत असलेली कुठलीही चेतापेशी पेटते. वास अजून दिलेलाच नाही."

"मग माझाच दे." त्यांनी खिशातून कुपी काढली. "मोगरा आहे. कालच जुळवलाय."

तिने बूच काढलं. ज्यात मोगरा मिसळला होता ते तेलच खवट होतं. तिने कुपी बाजूला ठेवली आणि प्रयोगशाळेतलं साठ वासांचं मिश्रण सोडलं. पाच मिनिटं थांबली. मग वहीत लिहिलं:

जिवंत पेशी एकेचाळीस. वासाला उजळलेल्या शून्य.