मोरीतली प्रार्थना

"प्रभूला सुंदर फुलंच आवडतात, म्हणून त्यानं तुझ्या लेकीला बोलावून घेतलं," असं म्हणत पाळकसाहेबांनी चहात बुडवलेली खारी तोंडात कोंबली. त्यांच्या मिशीला चिकटलेल्या लगद्यावरून रूथची नजर हटेना. पोर तापानं जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि सांत्वनाला आलेली माणसं भुरके मारत, ढेकरा देत तिला देवाची योजना समजावून सांगत होती.

रूथ उठली आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली. मागोमाग सासू आली. दोघींचं आजवर कधी पटलं नव्हतं. सासूनं तिचे केस मागे धरले, तोंड धुतलं, आणि सगळी घाण आपल्या हातानं लोटून काढली.

"आई, मला देवाची किळस येते," रूथ म्हणाली. "आता तुम्ही उपदेश करू नका."

"मला तरी कुठं त्याचं तोंड बघावंसं वाटतंय? नात होती माझी." सासूचा आवाज फाटला. "पण मनात कुढू नकोस. जे काय आहे ते त्यालाच सांग."

ओल्या फरशीवर बसून रूथनं सांगितलं. निर्दयी, खोटारडा, लबाड, तोंडाला येईल ते ती देवाला बोलली. बोलून थकली तेव्हा तिला लख्ख जाणवलं, की तो इथंच आहे आणि निमूटपणे सगळं ऐकून घेतोय.

राग गेला नव्हता. तरी ती हळूच म्हणाली, "अंधाराला घाबरते रे ती. तिला जवळ घेऊन झोप."