एसीच्या पाण्यावरची नाचणी

कतारमधल्या अल खोरच्या कामगार कॅम्पमागे धूर दिसला, तसा सेफ्टीचा तनवीर जुम्म्याचं जेवण टाकून अनवाणीच धावला. त्याची नोकरीच मुळी धूर बघून घाबरण्याची. गॅसवाल्यांचा कॅम्प, इथे उदबत्ती लावायचीही चोरी. त्याने आग विझवायचा सिलेंडर उचलला आणि अख्खी पावडर ओतून मोकळा झाला. खरं तर दोन बादल्या पाण्यात भागलं असतं.

धूर निवळला. एसीचं पाणी ठिबकून ओली झालेली खाटेएवढी जमीन, तिच्यावर पुठ्ठ्यांची राख, राखेवर पांढरी पावडर. आणि शेजारी उकिडवा बसलेला तागम. अरुणाचलातला न्यिशी जमातीचा पोरगा, स्कॅफोल्डिंगच्या कामावरचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हे काय, असं तनवीरने हिंदीतून विचारलं. तागमने भोपळ्याची कुपी पुढे केली. आत नाचणी होती. त्याची आई डोंगराचा तुकडा भाजून ती पेरायची, दरवर्षी त्यातलंच बी राखून ठेवायची. आता त्या डोंगरावरून रस्ता गेला होता आणि आईही गेली होती. बी जुनं झालं की उगवत नाही. याला तिसरं वर्ष लागलं होतं. अर्धं विझलेल्या बाजूच्या राखेत टाकून झालं होतं, अर्धं कुपीत होतं.

तनवीर कोकणातल्या म्हसळ्याचा. आधी राब भाजायचा, मग नाचणी टाकायची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याला फार वाईट वाटलं. पण तेवढ्यात फाटकातून सिक्युरिटीची गाडी आत आली. तनवीरने खिशातून रिपोर्टचा फॉर्म काढला.

"मुद्दाम आग लावली असं लिहिलं, तर तुला घरी पाठवतील. कचरा पेटला असं लिहितो. सही कर."

"कचरा नाही," तागम म्हणाला.

"मला माहीत आहे, भाई. आमच्याकडेही असंच भाजतात. सही कर."

गावी दोन धाकट्या बहिणी तागमच्या जिवावर होत्या. त्याने सही केली.

सिक्युरिटीवाल्याने रिपोर्ट वाचला, बुटाने राख उसकटली. मग कुपीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे?

तनवीर बोलणार, तोच तागम म्हणाला, "कचरा."

आणि त्याने कुपी शेजारच्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत उपडी केली. आत दाणा राहू नये म्हणून तिचं बूड दोनदा थोपटलं.